जुन्या घराची दुरुस्ती ठरवण्याआधी ते भर पावसात पाहावे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की आपल्याकडे गोव्यात गावोगाव घरांच्या डागडुजीची धांदल उडते. चतुर्थीला सगळे कुटुंब मूळ घरी जमणार, गणपतीसमोर माटोळी (फळा-फुलांची टांगती आरास) बांधली जाणार, म्हणून चार-पाच आठवड्यांत भिंतींना रंग चढतो, ओटीवर नव्या फरश्या बसतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच भिंतींचे पोपडे पुन्हा खाली येतात. याच सुमारास बंद पडलेली जुनी घरेही हात बदलतात, आणि घेणारे लोक आधी खर्च कशावर करावा याचा फारसा विचार न करता कामाला लागतात. आम्ही उभयता निवृत्त शिक्षक. तीन वर्षांपूर्वी माशेल परिसरात असे एक जुने घर विकत घेऊन आम्ही ते दुरुस्त केले. त्यात जे शिकलो, ते अशाच घराच्या दारात उभ्या असलेल्या वाचकांच्या उपयोगी पडावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

घर आम्ही प्रथम पाहिले ते मे महिन्यात. चिऱ्यांच्या वीस इंची भिंती, मंगळुरी कौले, मधोमध राजांगण (घरातले उघडे अंगण), मागे विहीर आणि थोडे कुळागर (पोफळीची बाग). भिंतींना ताजा पांढरा रंग होता, जमीन कोरडी होती आणि दुपारच्या उन्हात सारे घर प्रसन्न दिसत होते. आम्ही होकार देण्याच्या बेतात होतो. सोबत आलेल्या वयस्क मेस्तांनी (सुतारांनी) मात्र दाराच्या चौकटीवर बोटांनी टकटक करून पाहिले आणि ते इतकेच म्हणाले, "बाई, हे घर एकदा पावसात बघा, मग काय ते ठरवा." आम्ही त्यांचे ऐकले. आषाढातल्या चिखलकाल्याच्या सणादिवशी, देवकीकृष्णाच्या देवळाच्या मैदानावर पोरे चिखलात लोळत असताना, आम्ही छत्र्या घेऊन तिथून थेट त्या घराकडे गेलो आणि मालकांच्या परवानगीने चार तास तिथे थांबलो. मे महिन्यात पाहिलेले घर आणि हे घर एकच आहे, यावर विश्वास बसेना. मागच्या खोलीत तीन ठिकाणी गळत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीवर एक तिरकी भेग होती, ती उन्हाळ्यात रंगाखाली लपली होती आणि आता तिच्या कडा ओल्या होऊन गडद दिसत होत्या. ओटीच्या भिंतीला जमिनीपासून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केलेला होता, तो वरून कोरडा दिसत होता, पण त्याच्या वर दोन फूट ओल चढून पांढरा लोणा (क्षाराचा थर) फुटला होता.

घर आम्ही घेतले, पण किंमत पुन्हा बोलून आणि एक वही घालून. या वहीविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी कामे तिच्याच आधारे झाली. प्रत्येक खोलीला एक पान दिले. त्यावर चार भिंती, जमीन आणि छप्पर यांचे साधे रेखाटन काढून जे जे दिसले ते तारखेसह टिपले. मात्र एक नियम कसोशीने पाळला: जे दिसते त्याच्यासमोर त्याचे कारण लिहिता येत नाही, तोवर दुरुस्ती लिहायची नाही. "भिंतीला ओल" एवढेच लिहिले तर त्यापुढे "वॉटरप्रूफ रंग" लिहिण्याचा मोह होतोच. ओल वरून येते, बाजूने येते की जमिनीतून चढते, हे शोधले की उपाय आपोआप बदलतो. कारण सापडले की त्या नोंदीवर खूण करायची: आज धोका आहे, येत्या पावसाआधी करायला हवे, की सवडीने केले तरी चालेल. रंग, फरशी, स्वयंपाकघराचा ओटा ही सारी कामे या हिशेबात शेवटच्या गटात गेली.

यापूर्वी एका ठेकेदाराने अर्ध्या तासात घर पाहून ठोक रकमेचा अंदाज दिला होता. त्यात कौले काढून रंगीत पत्रे घालणे, सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि जमिनीला व्हिट्रिफाइड फरशी एवढी तीनच कामे होती. भेग कशामुळे पडली, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नव्हता. ठोक अंदाजातली ही मोठी उणीव आहे. काम मोजून, चौरस मीटरने, प्रत्येक बाब वेगळी लिहून घेतल्याशिवाय दोन अंदाजांची तुलनाच करता येत नाही.

गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाने इंचांची शंभरी गाठली, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. आमच्या घराने झाकलेली जागा साधारण १३० चौरस मीटर आहे. म्हणजे एका वर्षात या एका घरावर चार लाख लिटरच्या आसपास पाणी कोसळते. जुन्या घराची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः या पाण्याला घराबाहेर नीट वाट काढून देणे होय, आणि म्हणून कामाचा क्रमही पाण्याच्याच वाटेने, वरून खाली, लावायला हवा. छप्पर गळत असताना खाली केलेला कोणताही खर्च टिकत नाही.

आमच्या छपरावर सुमारे २३०० कौले होती. एका मंगळुरी कौलाचे वजन अडीच किलोच्या घरात धरले, तर कोरड्या छपराचाच भार सहा टनांच्या जवळ जातो, आणि पावसात कौल पाणी पिते तेव्हा तो आणखी वाढतो. हा भार वासे आणि रिपा पेलत असतात, त्यामुळे कौले बदलण्याआधी लाकूड तपासायला हवे. मेस्तांनी प्रत्येक वासा तीन ठिकाणी टोचून पाहिला. मधला भाग बहुतेक ठिकाणी ठणठणीत होता. वळचणीकडची, भिंतीवर टेकलेली टोके मात्र कुजली होती, कारण तिथेच पाणी साचून राहत होते. ज्या तुळईला माटोळी टांगण्याच्या कड्या होत्या, तिचे भिंतीतले टोक वाळवीने आतून इतके पोखरले होते की स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. वरून तिला पॉलिश केलेले होते. त्या तुळईखाली चतुर्थीला घरातली सगळी मुले बसत असतील, हे मनात आले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला टेकू लावला. ही एक नोंद सोडली, तर "आज धोका" या गटात आणखी एकच गोष्ट होती: नहाणीवरच्या माळ्यावर ठेवलेली ५०० लिटरची पाण्याची टाकी. भरलेल्या टाकीतल्या पाण्याचेच वजन अर्धा टन होते, आणि ती उभी होती दोन जुन्या लाकडी दांड्यांवर.

सगळे वासे काढून टाकण्याची गरज पडली नाही. कुजलेले टोक कापून त्याला नवे मत्तीचे लाकूड सांध्याने जोडले, आणि जिथे अर्ध्याहून अधिक वासा गेला होता तिथेच नवा घातला. कौलांच्या बाबतीत एक गोष्ट कोणीही आधी सांगत नाही, म्हणून ती मुद्दाम लिहिते. जुनी आणि नवी कौले एकमेकांत नीट बसत नाहीत. कारखान्यागणिक त्यांची मापे आणि खाचा थोड्या थोड्या वेगळ्या असतात, आणि फुटलेल्या जुन्या कौलाच्या जागी नवे घुसवले की नेमके तिथेच पुढच्या वर्षी गळते. म्हणून आम्ही सगळी कौले उतरवली, एकेक कौल बोटाने वाजवून पाहिले, खणखणीत वाजले ते ठेवले आणि बद्द आवाजाचे बाजूला केले. चांगली जुनी कौले घराच्या पुढच्या पाखीवर (छपराच्या उतारावर) एकत्र बसवली आणि मागच्या पाखीवर सगळी नवी घातली. पूर्वी दरवर्षी पावसाआधी शाकारणी होत असे, कौले परतली जात, पाचोळा निघत असे आणि माकडांनी हलवलेले कौल वेळीच जागेवर येत असे. ती सवय मोडल्यापासून छपराकडे आपले लक्ष जाते ते घरात पाणी टपकू लागल्यावरच.

आता त्या तिरक्या भेगेविषयी. गिलाव्यावरची केसासारखी बारीक भेग आणि चिऱ्यांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी भेग यांत फार अंतर आहे. पहिलीला घाबरण्याचे कारण नसते. दुसरी पाया खचत असल्याचे सांगत असू शकते. आमची भेग दुसऱ्या प्रकारची होती. ती अजून वाढते आहे की जुनी, थांबलेली आहे, हे कळण्यासाठी काचेच्या दोन पातळ पट्ट्या भेगेवर आडव्या बसवल्या आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिली. दोन महिन्यांत वरची काच तडकली. म्हणजे भिंत हलत होती. कारण शोधताना लक्षात आले की राजांगणात पडणारे पाणी जमिनीखालच्या दगडी मोरीतून घराखालून मागे जात असले पाहिजे, पण मागच्या बाजूला तिचे तोंड दिसतच नव्हते. आम्ही एका बादलीत कपड्यांची नीळ घट्ट कालवून राजांगणाच्या मोरीत ओतली आणि त्यावर भरपूर पाणी सोडले. वीस मिनिटांनी स्वयंपाकघराच्या जोत्याखाली, बरोबर त्या भेगेच्या खाली, चिऱ्यांच्या सांध्यातून निळे पाणी झिरपू लागले. मोरी मुळांनी तुंबली होती आणि राजांगणातले पाणी कित्येक पावसाळे पायाखालची माती वाहून नेत होते. त्या भेगेत सिमेंट भरून रंग लावला असता, तर घर वरून सुंदर झाले असते आणि खाली पोकळी वाढतच राहिली असती. मोरी उघडून नवा पाइप घातला, पायाखालची पोकळी टप्प्याटप्प्याने भरून काढली, आणि नव्या काचेवर नवी तारीख घातली. त्यानंतर दोन पावसाळे गेले, ती काच अजून शाबूत आहे.

सिमेंटविषयीही थोडे लिहायला हवे, कारण ओलीवर सिमेंट हा उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो. चिरा सच्छिद्र असतो. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढणारच. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा हे पाणी वाऱ्यावर सुकू देतो, म्हणून ते फूटभर चढून थांबते. सिमेंटच्या गिलाव्याने ती वाट बंद झाली की पाणी सुकण्यासाठी आणखी वरची जागा शोधते. आमच्या ओटीवर नेमके हेच झाले होते. पूर्वीच्या मालकांनी चांगल्या हेतूने आणि पदरचे पैसे खर्चून ते काम करवून घेतले होते, याचे वाईट वाटते. तो गिलावा आम्ही दिवाळीनंतर काढला आणि भिंत पुढच्या मे महिन्यापर्यंत तशीच उघडी ठेवली. जाड भिंतीला सुकायला दर इंचामागे साधारण एक महिना लागतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने आमची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असूनही सहा-सात महिने कमीच पडले, पण निदान लोणा येणे थांबले. मग कुंभारजुव्याकडचे एक जुने गवंडी मिळाले, त्यांनी भिजवून मुरवलेल्या चुन्याचा गिलावा पातळ थरांत चढवला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही, आणि काम करताना तो डोळ्यांत जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते.

वाळवीचे औषध ओल काढल्यानंतरच मारावे. जमिनीतून येणारी वाळवी ओलाव्यावर जगते, तो तसाच राहिला तर ती परत येते. औषधासाठी भिंत आणि जमीन मिळतात त्या रेषेत १२ मिलिमीटरची भोके ३० सेंटिमीटरच्या अंतराने पाडतात, ही भारतीय मानक ब्युरोने घालून दिलेली पद्धत आहे. विहीर जवळ असेल तर त्या बाजूला औषध वापरताना विशेष जपावे. विहिरीचा विषय निघाला म्हणून सांगते, शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत निदान १८ मीटर अंतर असावे, असेही मानक सांगते. आम्ही टेप लावून मोजले तेव्हा ते ११ मीटर भरले, आणि खड्डा चढाच्या बाजूला होता. तो हलवण्याचा खर्च आमच्या मूळ यादीत नव्हता, तरी तो आम्ही फरशीच्या आधी केला आणि विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतले. वीजेची जुनी तार लाकडी पट्टीवरून नेलेली होती आणि अर्थिंग कुठेच नव्हते. नवी तांब्याची तार, नवे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) ही कामे गिलाव्याआधीच उरकली, नाहीतर नव्या भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या असत्या.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. जमिनीच्या नोंदीच्या, म्हणजे एक-चौदाच्या, उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत आणि सगळ्या वारसांच्या, त्यांच्या पती-पत्नींसह, सह्या आहेत का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. दुरुस्तीसाठी पंचायतीकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी, आणि घराच्या आजच्या स्थितीचे फोटो त्या अर्जाला जोडावेत. छपरावर आलेले झाड तोडायचे असेल तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, ती वेळेत मागावी, कारण मार्चमध्ये अर्ज करून मे महिन्यात छप्पर उघडणे जमत नाही.

पैशांचा आमचा अनुभव असा की छप्पर, पाण्याच्या वाटा आणि पाया यांतच जवळजवळ निम्मा खर्च झाला, आणि त्यातले काहीही पाहुण्यांना दिसत नाही. एकूण अंदाजाचा पाचवा हिस्सा आम्ही बाजूला ठेवला होता, तो शोषखड्डा आणि मोरी यांनीच संपवला. पैसे कमी पडले म्हणून दोन खोल्यांची फरशी आणि बाहेरचा रंग आम्ही दोन वर्षे पुढे ढकलला. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या चतुर्थीला आमचे घर बाहेरून बिनरंगाचेच होते. नातेवाइकांनी विचारले, आम्ही त्यांना वही दाखवली.

या अनुभवातून एक विनंती करावीशी वाटते. आमचे मेस्त सत्तरीपलीकडचे आहेत आणि गवंडीही त्याच वयाचे. त्यांच्या हाताखाली शिकणारी तरुण मुले आम्हाला दिसली नाहीत. आपल्या आयटीआयमध्ये चुन्याचे काम, वाशांचे सांधे आणि कौलांची शाकारणी एवढे तीन विषय निदान एका हंगामापुरते शिकवले, तर मुलांना गावातच काम मिळेल, कारण घरे आहेत आणि माणसे नाहीत. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आल्तिनोचे वास्तुशास्त्र महाविद्यालय यांच्या विद्यार्थ्यांनी पावसाळ्यातल्या महिन्यांत आसपासच्या गावांतील जुन्या घरांची पाहणी करून घरमालकांना लेखी नोंद दिली, तर सामान्य माणसाला ठेकेदाराशी बोलताना हातात एक कागद असेल. पंचायतींनी दुरुस्तीचे अर्ज ऑक्टोबरपर्यंत निकाली काढावेत. आपल्याकडे छपराचे काम करता येते ते ऑक्टोबर ते मे या आठच महिन्यांत, आणि परवानगी फेब्रुवारीत हाती पडली तर त्यातले निम्मे हातचे गेलेले असतात.

आमच्या वहीच्या छायाप्रती आम्ही गावातल्या वाचनालयात ठेवणार आहोत. तिच्यातली रेखाटने साधी आहेत आणि काही नोंदी चुकून नंतर खोडलेल्याही आहेत, पण कोणती चूक का झाली हे प्रत्येक ठिकाणी लिहिलेले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
माशेल, फोंडा